वसई गावातलं भाड्याचं घर

भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की ते कोण कधी म्हणणार हे आताशा आधीच कळतं. दिवाळीला साताऱ्याला गेलं की फराळाच्या ताटावर काका म्हणतात. ऑफिसात कुणाला फ्लॅटचा ताबा मिळाला की पेढ्याबरोबर ते येतंच. ‘एवढ्या भाड्यात हप्ता बसला असता, नालासोपाऱ्याला वन बीएचके झाला असता.’ त्यांचा हिशेब चुकतो असं मी म्हणत नाही. पण मी दिलेलं भाडं कुठं जातं हे मी रोज डोळ्यांनी बघते. ते एका जुन्या घराच्या छपरात जातं, भिंतींत जातं, मागच्या वाडीत जातं. म्हणून हा हिशेब जरा सविस्तर मांडावासा वाटतो.

वसई म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढं स्टेशन येतं. विरार फास्टच्या दारातली माणसं, पुलावरची रेटारेटी, खाली उतरल्यावर रिक्षांची रांग. ते वसई रोड. ते नवघर-माणिकपुरात आहे आणि वसई गाव तिथून पाच-सहा किलोमीटरवर, पार समुद्राच्या अंगाला. १८६७ साली बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया (बीबीसीआय) रेल्वेनं विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत गाडी सुरू केली, ती ज्या रुळांवरून धावली ते गावाला वळसा न घालता पूर्वेकडूनच सरळ गेले होते. त्या वेळच्या गावकऱ्यांची गैरसोयच झाली असणार. पण या पाच-सहा किलोमीटरांनी गाव राखलं असं माझं ठाम मत आहे. स्टेशनला खेटून असलेल्या जागेचं काय होतं हे या लाइनीवरच्या कुठल्याही स्टेशनाबाहेर उभं राहून बघावं. आमच्याकडं इमारती आल्या त्या शेअर रिक्षाच्या वेगानं, टप्प्याटप्प्यानं. माणिकपूर झालं, पापडीपर्यंत पोचल्या, आणि पारनाक्याच्या अलीकडं अजून थोडा श्वास उरलाय.

पारनाक्यावर उतरलं की रस्ते अरुंद होतात. झेंडाबाजारात सकाळी भाजीच्या पाट्या असतात, त्यांत वाडीतली वेलची केळी, अळू, नवलकोल, विड्याची पानं. होळी म्हणतात त्या भागात जुनी दुकानं. एका गल्लीत देऊळ, पुढच्या गल्लीत चर्च, जरा पलीकडं मशीद. पाचूबंदरला वलांडीवर बोंबील वाळत घातलेले असतात आणि वारा दक्षिणेचा असला की ते आमच्या ओटीवर बसून कळतं. रस्ता जिथं संपतो तिथं किल्ला सुरू होतो.

किल्ल्याचा इतिहास शाळेत सगळ्यांनी शिकलेला असतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं तटाच्या आत त्यांचं अख्खं शहर नांदलं. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं सुरुंग लावून तट फोडला आणि ते शहर संपलं. चर्चच्या घंटा मराठी मुलखात गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, मेणवलीच्या घाटावर, भीमाशंकराला त्या अजून टांगलेल्या आहेत. पुढं होळकरांकडून पुण्यात हरलेला दुसरा बाजीराव इथंच आश्रयाला आला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यानं इंग्रजांशी तह केला. फ्रान्सिस्कनांच्या पडक्या चर्चमध्ये जमिनीवर पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवरून हल्ली लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी जपून पाय टाकत जातात. लोक येतात, बुरूज बघतात, चिमाजी अप्पांच्या पुतळ्याला नमस्कार करतात आणि परत रिक्षात बसतात. मला वाटतं, त्यांनी येता-जाता गावातून पायी चालावं. किल्ल्यात दगड आहेत. त्या दोनशे वर्षांत इथं जी माणसं झाली, ज्या भाषा मिसळल्या, जी पिकं रुजली, ती सगळी तटाच्या बाहेर अजून चालती-बोलती आहेत.

मला घर मिळालं ते लोकलमधल्या ओळखीनं. त्याआधी एजंटांनी स्टेशनजवळचे बरेच फ्लॅट दाखवले. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, ‘फॅमिली आहे का?’ एकटी, नोकरी करणारी, रात्री उशिरा येणारी बाई म्हटलं की सोसायटीच्या कमिटीला विचारून सांगतो म्हणायचे आणि मग फोन यायचा नाही. कुठं मासे चालत नव्हते, कुठं आडनाव विचारून झाल्यावर जात विचारायचे. हे सगळ्यांच्या वाट्याला येतं, त्यात माझं वेगळं काही नाही. पण ते मुकाट सोसायची सवय आपल्याला लागलीय याचा मला राग येतो. घर भाड्यानं मागणारा माणूस भीक मागत नसतो.

लेडीज डब्यात रोज भेटणारी एक मैत्रीण म्हणाली, आमच्या गल्लीत एक आजी अर्धं घर देतात, पण त्या स्वतः बघून ठरवतात. आजी वाडवळ, म्हणजे इथल्या वाड्या पिकवणाऱ्या समाजातल्या, ख्रिस्ती. घरात वाडवळी बोलतात, चर्चमध्ये मिस्सा मराठीतून, माझ्याशी बोलायला शाळेत शिकलेलं स्वच्छ मराठी. मुलगा आखाती देशात, मुलगी बोरिवलीला. ओटी, दोन खोल्या, मागची पडवी आणि तिथली मोरी असा भाग मला द्यायचा होता. आजींनी नोकरी, पगार, लग्न यातलं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, ‘विहिरीचं पाणी शेंदता येतं का? लाइट गेली की पंप बंद असतो.’ मी म्हटलं, येतं, आजोळी शेंदलंय. मग म्हणाल्या, ‘पावसात कुठं तरी गळणारच. गळलं की मला लगेच सांगायचं. भांडं ठेवून गप्प बसायचं नाही, त्यानं वासा कुजतो.’ एवढ्यावर घर ठरलं. त्यांना घर राखणारी हवी होती, हे मला पुढं कळत गेलं.

कराराच्या दिवशी नोंदणीवाला लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला. माझा अंगठा लगेच लागला. आजींचा काही केल्या लागेना. जन्मभर केळीचे लोंगर तोडून, नारळ सोलून, पानवेलीची बांधणी करून बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. यंत्र पुसून झालं, बोटं साबणानं धुऊन झाली, खोबरेल लावून पुसून झालं. एकेक करून दहाही बोटं झाली तेव्हा डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाची रेषा यंत्राला पटली. आजी शांतपणे म्हणाल्या, ‘या हातात अंगठी असायची, म्हणून तिथली राहिली.’

त्या कागदावर अकरा महिने लिहिलेले असतात. अकराच का, हे पुष्कळ भाडेकरूंना ठाऊक नसतं. १९०८च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केली होती, म्हणून लोक वर्षाच्या आत राहायला लागले. महाराष्ट्रात १९९९चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि तेव्हापासून मुदत कितीही असो, लेखी करार करून तो नोंदवावाच लागतो. अकरा महिन्यांचं मूळ कारण गेलं, सवय राहिली. आणि या कागदानुसार मी भाडेकरूही नाही. मला घर वापरायची परवानगी आहे, मुदत संपली की ती संपते. मुदतीनंतर राहिले तर दुप्पट पैसे भरावे लागतील असं कायद्यातच लिहिलंय.

हे एवढं कडक का झालं, त्यामागं मुंबईचा इतिहास आहे. १९४७च्या कायद्यानं मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली. युद्ध, फाळणी, शहरात लोटलेली माणसं बघता त्या वेळी ते गरजेचंच होतं, आणि लाखो कष्टकऱ्यांच्या डोक्यावर त्यामुळं छप्पर राहिलं हे मी कधीच नाकारणार नाही. पण पुढची पन्नास वर्षं ती भाडी जवळजवळ तिथंच थांबली. महिन्याचं भाडं चहाच्या पैशाइतकं झालं, मालकानं दुरुस्ती सोडली, भाडेकरूला घर सोडवेना, आणि दोघांच्या मध्ये चाळ खचत गेली. दक्षिण मुंबईत टेकू लावलेल्या इमारती दिसतात त्यांची ही कहाणी. १९७३ मध्ये त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला परवान्यावर राहणाऱ्यांनाही कायद्यानं भाडेकरू केलं, तेव्हा तर मालकांच्या मनात धडकीच बसली. कित्येकांनी घरं कुलपं लावून रिकामी ठेवली. आमच्या गल्लीतही अशी घरं आहेत. मालक अंधेरीला किंवा कॅनडात, दाराला गंजकं कुलूप, कौलांवर वडाचं रोप.

जुनं घर रिकामं ठेवलं की ते दहा पावसाळेही काढत नाही, हे शहरातल्या माणसाला खरं वाटत नाही. सिमेंटच्या फ्लॅटला कुलूप लावून जाता येतं. माती-चुन्याच्या, लाकडी वाशांच्या, कौलारू घराला माणसाचा वावर लागतो. रोज दार उघडावं लागतं, जमीन झाडावी लागते, वाळवीची रेघ दिसली की त्याच दिवशी पुसून रॉकेल-डांबर लावावं लागतं. मांजर छपरावरून गेली की कौल सरकतं. नारळाची झावळी पडली की दोन-चार फुटतात. एक कौल फुटलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही की खालची रीप भिजते, रिपेवरून पाणी वाशावर येतं, वाशावरून भिंतीच्या डोक्यात उतरतं. मातीची भिंत आतून भिजली की वर चुना दिसतो चांगला आणि एका श्रावणात कोपरा बसतो. आमच्या समोरचं घर असंच बसलं. हे सगळं वेळेत बघणारं कुणी तरी तिथं राहत असावं लागतं, आणि दुरुस्तीला हातात पैसा असावा लागतो. भाडेकरू या दोन्ही गोष्टी एकदम आणतो. आजींच्या मुलानं पैसे पाठवले असते, पण आढ्याखाली बसून ठिबकणारं पाणी ऐकायला तो इथं कुठून येणार?

दर मे महिन्यात कौलं चाळायला माणूस येतो. अर्नाळ्याच्या बाजूचा, साठीचा, काटक, पायात काही न घालता छपरावर चढणारा. पाय कुठं ठेवायचा हे त्याला वरून न बघता कळतं. कौलाच्या मधल्या भागावर पाय पडला तर ते फुटतं, खाली वासा असेल तिथंच भार टाकायचा. एका टोकापासून तो कौलं उचलतो, पालापाचोळा, मुंगळ्यांची माती झाडतो, एकेक कौल हाताच्या बोटानं वाजवून बघतो. खणखणीत वाजलं की चांगलं. बद्द वाजलं की आत तडा आहे, ते बाजूला. पहिल्या वर्षी मी खाली उभी राहून ती बाजूला काढलेली कौलं रचत होते. एक उलटं केलं तर पाठीवर ठसा. बासेल मिशनच्या मंगळूरच्या कारखान्याचा, खाली १८६५, म्हणजे कारखाना सुरू झाला ते साल. ते कौल नेमकं कधी भाजलं हे त्यावर लिहिलेलं नाही, पण आजींच्या सासऱ्यांनी जुनी थापीव कौलं काढून ती घातली एवढं घरात माहीत आहे. मातीच्या त्या लाल तुकड्यानं समुद्रमार्गे मंगळूरहून इथवर येऊन किती तरी पावसाळे अंगावर घेतले, आणि त्यातली बहुतेक अजून खणखणीत वाजतात.

फुटलेल्यांच्या जागी नवी आणायची तर तशी कौलं सहज मिळत नाहीत. हल्लीच्या मापाची जुन्यांत नीट बसत नाहीत, खाचेत फट राहते. मग पाडलेल्या घरांची कौलं शोधावी लागतात. मागच्या खेपेला आमची कौलं आली ती दोन गल्ल्या पलीकडच्या घराची. ते बिल्डरला दिलं होतं. टेम्पोतून कौलं उतरवताना आजी ओटीवर बसून होत्या. त्या घरात त्यांच्या मैत्रिणीचं बाळंतपण झालं होतं, तिथल्या अंगणात त्या लग्नाच्या आधी मांडवाला पानं लावायला गेल्या होत्या. त्यांनी कौलं मोजून घेतली, पैसे दिले आणि म्हणाल्या, ‘चला, निदान आपल्याकडं तरी आली.’

कौलं चाळायचे, रिपांचे, गवंड्याचे पैसे भाड्यातून जातात हे आजींनी मला पहिल्याच वर्षी वहीत दाखवलं होतं. लांबट, लाल पाठीची वही. डावीकडं माझं नाव आणि महिना, उजवीकडं खर्च. कौलं, चुना, डांबर, विहिरीचा गाळ, नारळ उतरवणारा. मी कशाला बघू, ते तुमचे पैसे, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, तू इथं राहतेस, तुला माहीत असायला नको? माझ्या आयुष्यात कुठल्याही घरमालकानं, सोसायटीनं किंवा पालिकेनं मला असा हिशेब दाखवलेला नाही.

विहिरीचा गाळ म्हटलं तर पाण्याबद्दल लिहायलाच हवं, कारण वसई म्हणजे पाणी. इथली जमीन रेताड. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. जुन्या लोकांनी हे ओळखून वाड्यांच्या मध्ये बावखलं खोदली. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं मोठं तळं, कडेला रहाट, त्या पाण्यावर पानवेली, केळी, फुलं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, मुरायचं, आजूबाजूच्या विहिरी उन्हाळाभर गोड राहायच्या. पुढं रहाट गेले, पंप आले. १९८०च्या सुमारास मुंबईलगतच्या इमारती वाढायला लागल्या आणि इथल्या विहिरींतून टँकर भरून जायला लागले. गोडं पाणी भसाभसा उपसलं की खालचं खारं वर चढतं. एकदा विहीर खारट झाली की केळ जळते, पानवेल मरते आणि वाडी विकण्याशिवाय मार्ग उरत नाही. बिल्डरला मग तेच हवं असतं.

त्या टँकरांविरुद्ध आणि हिरव्या पट्ट्यात बांधकामं येऊ देण्याविरुद्ध इथली माणसं रस्त्यावर उतरली. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीनं मोर्चे काढले, धमक्या सोसल्या, कोर्टात गेली. त्यात चर्चमधले होते तसे देवळातलेही होते. फादर पुढं ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. उर्वरित महाराष्ट्रानं त्यांना लेखक म्हणून ओळखलं, पण आमच्या गल्लीत ‘फादरांनी पाणी वाचवलं’ असंच म्हणतात. २००९ साली चार नगरपालिका आणि ५३ गावं मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हाही गावं वगळा म्हणून पुन्हा आंदोलन झालं. २०११च्या जनगणनेत या महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर होती. त्या आकड्यातली मी एक, आणि पाणी मलाही लागतं. म्हणून नव्या इमारतीत राहणाऱ्यांना दोष देणं मला पटत नाही. मुंबईत जागा न परवडणारा माणूस कुठं तरी राहणारच. चूक आहे ती बावखल बुजवून त्यावर इमारत उभी करू देणाऱ्या परवानगीची.

आमच्या मागच्या वाडीपलीकडं एक बावखल अजून आहे. निम्मं जलपर्णीनं भरलेलं, एका कडेला राडारोडा टाकलेला. दरवर्षी पावसाआधी गल्लीतली मुलं, दोन-तीन वाडीवाले आणि मी जलपर्णी ओढून काढतो. राडारोडा कोण टाकतं ते सगळ्यांना माहीत आहे आणि तक्रार दिलेली आहे.

जुलै २०१८चा पाऊस या भागातला कुणी विसरणार नाही. वसई ते नालासोपारा रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, वीज गेली ती गेलीच. पूर्वेच्या मिठागरांत माणसं अडकली. सखल जागेवरच्या संकुलांत तळमजले बुडाले, वरच्या मजल्यांवर पाणी चढेना कारण पंप बंद. आमचं घर उंच जोत्यावर आहे, पायऱ्यांपर्यंत पाणी आलं आणि थांबलं. दोर-पोहरा होता, विहीर होती. त्या दिवसांत आमच्या विहिरीवर आजूबाजूच्या इमारतींतल्या बायका कळशा, बादल्या, बिसलेरीचे कॅन घेऊन येत होत्या. पुष्कळजणींना शेंदायला जमत नव्हतं, दोर हातातून सुटायचा. आजी ओट्यावरून ओरडून सांगत होत्या, ‘पोहरा तिरका पाड, सरळ सोडू नको.’ मी शेंदत होते आणि माझे तळहात सोलवटून निघाले. त्या आठवड्यापासून गल्लीतल्या लोकांनी मला नावानं हाक मारायला सुरुवात केली, त्याआधी मी ‘आजींच्या घरातली’ होते.

बाहेरून आलेल्या भाड्याच्या माणसाला गावात काय जागा असते, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. मी इथली मतदार आहे. नोंदणी केलेल्या करारावर मतदार यादीत नाव घालता येतं, आणि प्रत्येक भाडेकरूनं ते घालावंच असं मी सांगत सुटते. वॉर्डात राहणारे हजारो लोक मतदान गावी करणार असतील, तर इथल्या गटाराची, बावखलाची, बसची काळजी नगरसेवकानं कुणासाठी करायची? आजी मला सणाला बोलावतात, पावसाळ्यातल्या पहिल्या भाज्या आल्या की वाटीभर पाठवतात. नाताळात गल्लीत गोठा करायचा असतो तेव्हा डोंगर मी रंगवते. शेजारच्या वाडवळ हिंदू घरात गणपतीला मोदक वळायला आजी आणि मी दोघी जातो, आणि आजींची कळी माझ्याहून चांगली पडते. यात कुणी कुणावर उपकार करत नाही.

पहाटे पहिल्या गाड्यांना वाडीतल्या बायका फुलांच्या पाट्या घेऊन दादरला जातात. सोनचाफा, मोगरा, कागडा, अबोली. मी जाते तेव्हा त्या परतत असतात, पाट्या रिकाम्या, डोक्यावरचा पदर सैल. चर्चगेट साधारण बावन्न किलोमीटर. सकाळी विरारहून येणाऱ्या गाडीत वसईला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून काहीजणी उलट्या विरारला जातात आणि बसून येतात. १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेनं महिला स्पेशल सुरू केली, तिचा फेरा पुढं विरारपर्यंत आला. त्या गाडीत मला मैत्रिणी मिळाल्या, घर मिळालं, कौलं चाळणाऱ्याचा नंबरही तिथंच मिळाला. तरीही दिवसाचे चार तास प्रवासात जातात आणि त्यानं माणूस थकतो, हे लपवायचं कारण नाही. फेब्रुवारी २०२४ पासून किल्ल्याच्या जेट्टीवरून भाईंदरला रो-रो बोट जाते. भाईंदर पंधरा मिनिटांवर आलं याचा मला आनंद आहे. आणि त्या बोटीतून उतरणाऱ्या गाड्यांसाठी गावातले रस्ते रुंद करायचं कधी ठरलं तर पहिली ओटी कुणाची जाईल, याची काळजीही आहे.

आजींकडं बिल्डरची माणसं वर्षातून एखाददा येतात. चहा घेतात, दोन फ्लॅट आणि वर रोख असं सांगतात. मुलाचाही फोन येतो, आई, तुझं वय झालं, जिने नाहीत, लिफ्ट मिळेल. मुलगा वाईट नाही, त्याला काळजी वाटते. आजी त्याला म्हणतात, ‘घराचा खर्च घर भागवतंय, तुझ्याकडं मागितलेत का पैसे?’ हे उत्तर त्यांना देता येतं ते आमच्या दोन खोल्यांच्या भाड्यामुळं. काकांना आणि पेढे वाटणाऱ्यांना मला एवढंच दाखवायचं होतं. वसई गावात, पापडीला, आगाशीला, निर्मळला अशी शेकडो घरं आहेत जी मालकाला एकट्याला झेपत नाहीत. विकणं आणि पडू देणं याशिवाय तिसरी वाट त्यांच्यापुढं भाडेकरूच ठेवतो. सरकारनं यांना वारसा घरं म्हणून पाट्या लावल्या नाहीत तरी चालेल, पण भाड्यानं दिलेल्या जुन्या घराच्या दुरुस्तीला घरपट्टीत थोडी सूट दिली, पालिकेनं कौलांचा, लाकडाचा एक साठा पाडकामांतून जमवून ठेवला, तर किती तरी छपरं सावरतील. कौल फुकट वाटा असं मी म्हणत नाही, आम्ही पैसे देऊ. आज ती ट्रकात भरून भरावाला जातात.

करार पुढच्या महिन्यात संपतोय. या वेळी तीन वर्षांचा करायचा असं आम्ही दोघींनी ठरवलंय, कायद्यात त्याला काही आडकाठी नाही. भाडं दर वर्षी किती वाढवायचं तेही लिहून टाकलंय. मोरीमागची भिंत पावसाआधी काढून नवी घालायला हवी, तिचा चुना सुटलाय आणि खाली बोट घातलं की माती निघते. सिमेंटचा गिलावा करू नको, आत ओल कोंडते, असं कौलंवाल्यानं बजावलंय. चुन्याचं काम येणारा गवंडी नंदाखालला आहे, त्याला रविवारी मिस्सा झाल्यावर बोलावलंय. निम्मा खर्च मी आगाऊ देते, तो पुढच्या भाड्यात वळता करायचा, हे वहीत लिहून झालं.